दाढीचे ब्रश जमवणाऱ्यांसाठी: केस, मूठ, पाणी आणि कसर (सातारा-सांगली)

कृष्णाकाठ_सांगली
दाढीच्या ब्रशांबद्दल इथे सुटे प्रश्न येत राहतात आणि उत्तरं चार ठिकाणी विखुरतात. कामाचं सगळं एका जागी असावं म्हणून हा धागा. सुरुवात ओळखण्यापासून करू. ब्रश ओळखता आला नाही तर त्याची किंमतही कळत नाही आणि निगाही राखता येत नाही.

ब्रशाचे भाग तीन: मूठ, तिच्या तोंडातली खोबण आणि खोबणीत चिकटवलेला केसांचा जुडगा, म्हणजे नॉट. घेताना व्हर्नियरनं दोन मापं घ्याच. पहिलं नॉटच्या व्यासाचं, मुठीच्या तोंडालगत, केस न दाबता. दुसरं लॉफ्टचं, म्हणजे मुठीच्या काठापासून केसांच्या शेंड्यापर्यंतची उंची. दुकानदार "मोठा ब्रश, लहान ब्रश" एवढंच बोलतो. पण २४ मिमी व्यास आणि ५० मिमी लॉफ्टचा बॅजर (बिज्जूसारख्या प्राण्याच्या केसांचा ब्रश) वेगळा आणि त्याच व्यासाचा ६० मिमी लॉफ्टचा बॅजर वेगळा. पहिला ताठ उभा राहतो, दुसरा गालावर लोळतो. बॅजरमध्ये लॉफ्ट व्यासाच्या साधारण दुप्पट असेल तर तोल चांगला साधतो. डुकराच्या केसाला थोडी जास्त उंची चालते, कारण तो मुळातच राठ असतो.

केस चार जातींचे. बॅजरचा केस मुळाशी बारीक, मध्ये जाड आणि टोकाला पुन्हा निमुळता. शेंडा फिकट, मध्ये काळा पट्टा, खाली परत फिकट. डुकराचा केस मुळाकडून जाड असतो आणि वापरलेल्या ब्रशात त्याचं टोक दुभंगलेलं दिसतं. घोड्याचा केस बराचसा एकाच जाडीचा, आयाळ आणि शेपटी मिसळून बांधलेला. चौथा कृत्रिम धागा. शंका असेल तर आपणहून गळलेला एखादा केस चिमट्यात धरून पेटवा. खरा केस चुरचुरतो, जळक्या केसांचा वास येतो, राख बोटात चुरते. कृत्रिम धागा वितळून टोकाला कडक मणी होतो.

कास_पठार
छान सुरुवात. एक भर घालतो. काळा पट्टा दिसला की बॅजर, असं धरून चालू नका. डुकराच्या केसाला रंगाचा पट्टा मारून विकायची पद्धत जुनी आहे. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. रंगवलेला पट्टा सगळ्या केसांवर एकाच उंचीला सुरू होतो आणि एकाच उंचीला संपतो, कडा ठळक असतात. नैसर्गिक पट्टा प्रत्येक केसावर थोडा वरखाली असतो आणि कडेला विरत जातो. शिवाय शेंडा बघा. दुभंगलेला असेल तर तो बॅजर नाही, कितीही पट्टे असोत.

आणि "प्युअर, बेस्ट, सुपर, सिल्व्हरटिप" या प्रतींना सगळ्या कारखान्यांना लागू असा एकच मापदंड नाही. एकाचा बेस्ट दुसऱ्याच्या सुपरइतका निघू शकतो. नोंदवहीत प्रत लिहाच, पण शेजारी कारखान्याचं नावही लिहा, नाहीतर त्या शब्दाला अर्थ राहत नाही.

जत_तालुका
प्रश्न आहे. आमच्याकडे बोअरचं पाणी. चांगला साबण, चांगला ब्रश, तरी फेस बसतो आणि दोन महिन्यांत केस चिकट, राठ होतात. ब्रश खराब निघाला म्हणायचं का?

वारणेचं_पाणी
@जत_तालुका, ब्रशाचा दोष नाही, पाण्याचा आहे. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ भागात बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर. साबण आधी त्यांच्याशी बांधला जातो आणि न विरघळणारा पांढरा चिकटा तयार होतो. म्हणून फेस बसतो. तोच चिकटा नॉटच्या बुडाशी, मुठीलगत साचत जातो. वरून धुतलेला ब्रश आतून धुतला गेलेला नसतो. बुडाशी केस फाकवून बघा, पांढरट पापुद्रा दिसेल.

उपाय दोन आणि दोन्ही करायचे. फेस करायला फिल्टरचं पाणी घ्या, एक कप पुरतो. चेहरा बोअरच्या पाण्यानं धुतला तरी चालेल, फेसात ते जाऊ देऊ नका. साचलेलं काढायला दहा भाग कोमट पाण्यात एक भाग पांढरं व्हिनेगर घाला, फक्त केस बुडतील इतकं. पाच मिनिटं बुडवा, बोटांनी बुडाशी चोळा, मग फिल्टरच्या पाण्यात तीनचार वेळा खळबळून काढा. व्हिनेगर नसेल तर पाव लिटर पाण्यात एक ग्रॅम लिंबूसत्त्व. महिन्यातून एकदा बास. रोज केलं तर केस कोरडे पडतात.

व्हिनेगरच्या पाण्यात मूठ बुडवायची नाही. पितळी कडी असेल तर डाग पडतो आणि लाकडावरचं पॉलिश उचलतं.

कृष्णाकाठ_सांगली
जुन्या, वापरलेल्या ब्रशांत नुसत्या व्हिनेगरनं भागत नाही. आधी कोमट पाण्याच्या मगात चमचाभर टाकणखार विरघळवून वीस मिनिटं केस भिजवा. साबणाचा जुनाट तेलकट थर त्यानं सुटतो. मग भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवा आणि व्हिनेगर शेवटी. हा क्रम उलटा केला तर तेलकट थराखाली आम्ल पोचतच नाही.

मिरज_लेथ
मुठींवर लिहितो, कारण नुकसान सगळ्यात जास्त तिथेच होतं. मूठ कशाची हे कळल्याशिवाय तिला पाणी, स्पिरिट, उष्णता काहीही लावू नका.

अंगठ्यानं तीसचाळीस वेळा जोरात घासा, गरम झाली की लगेच हुंगा. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. देवघरातला कापूर सगळ्यांच्या ओळखीचा, त्यामुळे या वासात चूक होत नाही. फिनॉलसारखा, दवाखान्याच्या फरशीसारखा वास आला तर बेकेलाइट किंवा कॅटलिन, दोन्ही फिनॉलपासूनची जुनी प्लास्टिकं. जळक्या दुधासारखा आला तर केसिन, म्हणजे दुधाच्या प्रथिनापासून केलेलं जुनं प्लास्टिक. यातलं काहीच नाही आणि मूठ हलकी लागतेय, तर बहुतेक नंतरचं साधं प्लास्टिक.

तापलेली सुई टोचून बघायचा सल्ला काही जण देतात. करू नका. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज, भप्पकन पेटतं. केसिन पाण्यात ठेवलं तर फुगतं आणि वाळताना जाळीसारखे तडे जातात. ॲक्रिलिकला स्पिरिट लागलं तर आतून बारीक भेगा उठतात, त्या परत भरून येत नाहीत.

कॅटलिनची गंमत वेगळी. १९३०च्या आसपासच्या कॅटलिनच्या पांढऱ्या मुठी आज लोण्यासारख्या किंवा मधासारख्या पिवळ्या दिसतात. तो मळ नाही, वरच्या थराचं ऑक्सिडीकरण आहे. घासून काढलं तर खाली मूळ रंग मिळतो. पण वय दाखवणारा तो रंग घालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. घासायचंच असेल तर पाण्याखाली, ओल्या पॉलिश पेपरनं घासा, कारण कोरडी धूळ श्वासात जाणं चांगलं नाही.

कराड_प्रीतिसंगम
हस्तिदंतासारख्या दिसणाऱ्या मुठी दाखवल्या जातात. कसं ओळखायचं?

मिरज_लेथ
भिंगानं मुठीचं बूड बघा. खऱ्या हस्तिदंतात एकमेकींना छेदणाऱ्या बारीक वक्र रेघांची जाळी दिसते. हाडात काळपट ठिपके आणि तुटक रेषा. सेल्युलॉइडच्या नकलेत सरळ, समांतर, नियमित रेघा, लाकडाच्या फळीवर असतात तशा.

कास_पठार
आणि खरा हस्तिदंत निघाला तर घेऊ नका. भारतात हस्तिदंताचा व्यापार बंद आहे, वस्तू जुनी असली तरी विकता येत नाही. तेच मुंगसाच्या केसांचं. मुंगूस वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ खाली संरक्षित प्राणी आहे, त्याच्या केसांचा ब्रश विकणं आणि विकत घेणं गुन्हा. "जुना माल आहे हो" म्हणून कुणी गळ्यात मारत असेल तर तिथून निघा.

फलटण_ताई
जुन्या ब्रशांबद्दल एक वाचनात येतं, की घोड्याच्या केसांच्या ब्रशातून आजार पसरला होता. ते खरं का? असे ब्रश वापरायचे की नुसते ठेवायचे?

कास_पठार
खरं आहे ताई. पहिल्या महायुद्धाच्या काळात नेहमीचा पुरवठा तुटला आणि आशियातून आलेले घोड्याचे स्वस्त केस, नीट निर्जंतुक न करता, बॅजरसारखे रंगवून ब्रशांत भरले गेले. त्यातून अँथ्रॅक्स पसरला, आपण गुरांच्या बाबतीत काळपुळी किंवा फाशी म्हणतो तोच. दाढी करताना कातडीला बारीक चिरा जातात, जंतूंना तेवढं दार पुरतं. ब्रिटननं १९२०मध्ये जपानी दाढीच्या ब्रशांची आयात बंद केली. त्यानंतरच्या बऱ्याच ब्रशांच्या मुठीवर "स्टरिलाइज्ड" असा शिक्का सापडतो, तो याच प्रकरणातून आला. काळ ओळखायला हा शिक्का उपयोगी पडतो.

वापराबद्दल: त्या काळातला घोड्याच्या केसांचा ब्रश आणि मूळ नॉट असेल तर चेहऱ्याला लावू नका. अँथ्रॅक्सचे बीजाणू स्पिरिटनं मरत नाहीत. शोभेला ठेवायचा तर बंद काचेत ठेवा, केस विंचरत बसू नका.

वाई_घाट
मूठ सुंदर आणि केस गेलेले, असेच ब्रश जास्त मिळतात. नॉट बदलायची पद्धत कुणी पायरी-पायरीनं सांगेल का?

मिरज_लेथ
सांगतो. आधी केस का गेले ते बघा. गळलेल्या केसाच्या बुडाला गोंदाचा कण असेल तर चिकटवण सुटली आहे. केस मध्येच तुटलेला असेल तर केसच ठिसूळ झाले आहेत. पहिल्या प्रकारात नॉट अखंड बाहेर येऊन परत बसवता येतो. दुसऱ्यात बदलण्याला पर्याय नाही.

लाकडी किंवा धातूच्या मुठीत जुनी चिकटवण बऱ्याचदा राळेची असते, ती वाफेनं मऊ पडते. किटलीच्या तोंडावर नॉट खाली करून पाच मिनिटं धरा, मग फडक्यात धरून पिळत ओढा. सेल्युलॉइड, केसिन, कॅटलिन वाफेवर धरायचं नाही. तिथे केस मुठीच्या काठाला कापा आणि उरलेलं बूड ड्रिलनं काढा.

ड्रिलसाठी फोर्स्टनर बिट (सपाट बुडाचं भोक पाडणारा) घ्या, साधा ट्विस्ट ड्रिल नको. साधा ड्रिल कडेला पकडतो आणि जुनी मूठ उभी चिरते. मूठ हातात धरून भोक पाडायचं नाही. लाकडाच्या दोन ठोकळ्यांत मुठीच्या आकाराची खाच करा, आत चामडं लावा आणि ते व्हाइसमध्ये धरा. वेग कमी, मिनिटाला पाचशे फेऱ्यांच्या आसपास. दोन मिलिमीटर खाली गेलं की बिट वर घ्या, भुसा झाडा, परत लावा. सलग दाबलं तर प्लास्टिक तापतं, वितळून बिटला चिकटतं आणि भोक वाकडं जातं. भोवती किमान तीन मिलिमीटर भिंत राहिली पाहिजे. म्हणजे २४ मिमीचा नॉट बसवायचा तर मुठीचं तोंड तीस मिलिमीटरपेक्षा लहान चालणार नाही. तोंड २६ असेल तर २० मिमीच्या नॉटवर समाधान माना. खोली बारा ते पंधरा मिलिमीटर.

मग कोरडं बसवून लॉफ्ट मोजा. नॉट फार खाली गेला तर खाली वॉशर टाका, पण नळाच्या सामानातलं प्लास्टिकचं. लोखंडी टाकलं तर वर्षभरात गंज केसांत चढतो.

चिकटवायला दोन नळ्यांचं साधं अराल्डाइट, समान भाग. पाच मिनिटांत सुकणारं नको, ते गरम पाण्यात लवकर सुटतं. मात्रा वाटाण्याएवढी. इथेच बहुतेक जण चुकतात. जास्त घातलं की ते केसांतून वर चढतं, वाळल्यावर मुठीलगत दगडासारखी कडा होते आणि ती कशानंही निघत नाही. दुसरी चूक हवेची. नॉट खोबणीत घट्ट बसत असेल तर आतली हवा पंपासारखी दाबली जाते आणि रात्रीतून नॉट दोन मिलिमीटर वर उचलतो. म्हणून नॉटच्या बुडाला कडेनं कानशीनं एक उभी बारीक खाच पाडा, हवा तिथून निघते. केस वर करून चोवीस तास उभा ठेवा, मध्ये हलवू नका.

पुढेमागे काढावा लागेल असं वाटत असेल तर अराल्डाइटऐवजी सिलिकॉन लावा. पकड कमी, पण ओढून काढता येतो. जुन्या मुठीला माझं मत सिलिकॉनलाच.

कृष्णाकाठ_सांगली
ही पोस्ट जपून ठेवण्यासारखी. एक मतभेद मात्र नोंदवतो. मूळ नॉट झिजलेला असला तरी कारखान्याच्या नावाचा ब्रश असेल तर बदलू नये. मूठ आणि नॉट दोन्ही मूळचे, ही त्या वस्तूची ओळख. बदलायचे ते बिननावाचे.

मिरज_लेथ
@कृष्णाकाठ, शोभेच्या संग्रहासाठी बरोबर. पण ब्रश हे हत्यार आहे, फेस न करणारा ब्रश अर्धाच आहे असं मला वाटतं. बदललात तर जुना नॉट कागदाच्या पुडीत, मापं लिहून, मुठीबरोबर ठेवा. दोघांचंही राहील.

वाई_घाट
नवीन मूठ कातून घ्यायची तर मिरजेत होईल का? सतारीचं लाकूड वापरतात असं ऐकलंय.

मिरज_लेथ
होईल. सतारी-तंबोऱ्यांच्या गावात लाकूड ओळखणारे हात आहेत, २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण वाद्यासाठी वापरतात ते तून लाकूड हलकं, मुठीला तेवढं योग्य नाही. शिसव किंवा पक्की वाळलेली बाभूळ घ्या, जड आणि घट्ट. कातारी दादांना आकृती काढून मापं द्या: उंची पन्नास-पंचावन्न, बूड बत्तीस, कंबर बावीस मिलिमीटर, तोंड नॉटच्या व्यासापेक्षा सहा ते आठ जास्त.

पॉलिशबद्दल आग्रहानं सांगतो. वाद्याचं लाखेचं पॉलिश दिसायला अप्रतिम, पण गरम पाणी लागलं की पांढरं पडतं आणि स्पिरिटनं विरघळतं. ब्रशाच्या मुठीला पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) चार पातळ हात द्या, दोन हातांच्या मध्ये बारीक पेपर मारा. खोबणीच्या आतूनही एक हात द्या. पाणी तिथूनच शिरतं आणि मूठ तोंडाशी चिरते.

कास_पठार
आता कसर आणि बुरशी. सातारा, वाई, महाबळेश्वरच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर हे चार महिने संग्रहाचे शत्रू. वापरलेला ब्रश झटकून, पंच्यावर केस पुसून, मोकळ्या हवेत ठेवा. उभा ठेवला काय, टांगला काय, फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो हवेनं. ओला ब्रश बंद डबीत गेला की बुडाशी काळे ठिपके येतात.

कसर मात्र कोरड्या, न वापरलेल्या ब्रशाला लागते. केस वेगवेगळ्या उंचीला कातरल्यासारखे दिसले आणि तळाशी तपकिरी, केसाळ, तांदळाच्या कणीएवढ्या काती सापडल्या, तर अळी आहे. बॅजर तिला विशेष आवडतो, साबण राहिलेला तर फारच. कृत्रिम धाग्याला ती तोंड लावत नाही. उपाय: ब्रश पूर्ण कोरडा करून प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद बांधा आणि फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पाणी पिशवीच्या बाहेर धरू द्या, ब्रशावर नको. आधीच तडा असलेल्या जुन्या मुठी फ्रीजरमध्ये घालायच्या नाहीत.

डांबरगोळ्यांपासून सावध. त्यांची वाफ काही प्लास्टिकना मऊ करते, मूठ कागदाला चिकटते. आणि सेल्युलॉइडच्या मुठी बाकीच्यांपासून लांब, हवा खेळेल अशा ठिकाणी ठेवा. म्हातारं सेल्युलॉइड आम्लाची वाफ सोडतं. शेजारच्या पितळी मुठीवर अचानक हिरवा डाग दिसला, तर पितळ पुसण्याआधी सेल्युलॉइड कुठे आहे ते बघा.

फलटण_ताई
नवशिक्यानं कुठल्या नावांपासून सुरुवात करावी?

कृष्णाकाठ_सांगली
डुकराच्या केसांत इटलीचा ओमेगा, बोलोन्याचा, १९३१पासूनचा, आणि पोर्तुगालचा सेमोग, १९३५पासूनचा. दोन्ही रोजच्या वापराचे. बॅजरमध्ये इंग्लंडचा सिम्प्सन, १९१९चा. दुसऱ्या महायुद्धात त्यांचा लंडनचा कारखाना बॉम्बहल्ल्यात गेला आणि काम सॉमरसेटला हललं. २००८मध्ये व्हल्फिक्स या दुसऱ्या ब्रश कंपनीनं तो घेतला, आता आइल ऑफ मॅनवर. म्हणजे मुठीवरचा पत्ता बघून काळ लावता येतो. जर्मनीचा म्यूलं १९४५चा, केंट तर १७७७चा. या सगळ्यांच्या मागे लागू नका. एकाच घराण्याचे पाच ब्रश नीट मापं घेऊन ठेवले तर पन्नास सुट्या ब्रशांपेक्षा जास्त शिकायला मिळतं.

जत_तालुका
ओमेगा मागवला. नवीन आहे, वास येतोय आणि फेस आतच पितोय.

वारणेचं_पाणी
दोन्ही होणारच. शांपूनं दोनदा धुवा. मग रात्रभर साबणाच्या फेसात भरून ठेवा, सकाळी धुवा, असं तीन दिवस. वास बराच जातो. फेस पिणं कमी व्हायला मात्र टोकं दुभंगावी लागतात, त्याला वीसतीस दाढ्या लागतात. दर वेळी वापरण्याआधी केस कोमट पाण्यात तीनचार मिनिटं भिजवा. उकळतं पाणी नको, चिकटवण सुटते. साबणावर फिरवताना टोकं दाबून चुरडू नका. दाबून गोल फिरवलं की मधले केस बाहेर पळतात आणि नॉटच्या मध्यभागी खळगा पडतो. पहिल्या आठवड्यात दहापंधरा केस गळले तर काळजी नको. महिन्यानंतरही रोज गळत राहिले तर बूड बघा, गोंदाचा कण दिसतोय का.

जत_तालुका
भिजवायलाही फिल्टरचंच पाणी ना?

वारणेचं_पाणी
हो. आणि शेवटचं खळबळणंही त्याच पाण्यात.